चीक

पॅकहाऊसात पाण्याचे तीन हौद.
पहिल्यात फण्या पडतात, चीक सोडतात.
दुसऱ्यात तुरटी.
तिसऱ्याशी मी, हवाबी मसूद, रोज तीनशे वीस,
भाकर आपली आपण आणायची.

त्या दिवशी जीपमधून ती उतरली,
बुकोबा नावाच्या गावची, केळीची डॉक्टर.
पांढरा कोट, आणि कोटाबाहेर जेवढी होती
तेवढी थेट माझी फुफी.
साऱ्या बायांनी आधी तिच्याकडं पाहिलं,
मग माझ्याकडं.
फेगडेभाऊ म्हणाले,
"हवाबी, तुह्यीच भाषा आहे ना वं ते? बोल ना तिच्यासंगे!"

माझी भाषा.
माझ्या भाषेत ळ कुणी उच्चारत नाही.
केळीला केयी, डोळ्याला डोया,
आणि माझ्या बापाला सारं सावदा म्हणायचं, काया.
ए काया, गाडी लागली, भर.
शाळेत बाईंनी सांगितलं, काया म्हणजे देह.
घरी येऊन मी बापाला सांगितलं.
तो बराच वेळ हसला.
मग म्हणाला, बरोबरच आहे,
तेवढंच मागतात.

नर्मदेपल्याडून आला होता तो, ओझी उचलायला.
सोबत एक मुगरमान, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा ढोल,
आणि कुठल्याशा भाषेतले चार-पाच शब्द,
अर्थ गळून गेलेले,
घड उतरल्यावर दांड्याला
वाळकी फुलं चिकटून राहावीत तसे.

कोकुगोंझा. तिचं नाव
मला तिसऱ्यांदा जमलं.
मधे एक पोरगा, तिचं इंग्रजी
अर्धंमुर्धं आमच्यात आणणारा.
केळी आमच्याकडं तुमच्या बाजूनंच आली, ती म्हणाली,
फार पूर्वी, कुणाच्या तरी गलबतातून, कंद होऊन.
मी म्हटलं, आणि आम्ही तिकडून इकडं.
पोरगा हे सांगावं की नाही या विचारात पडला.
कंदाला कुणी साखळी घातली नसणार.

तुम्ही लोक सुटलात कधी?
पोरगा परस्पर म्हणाला, पंधरा ऑगस्ट.
थांब, म्हटलं.
आमच्या घरात तारीख नाही.
एक संध्याकाळ आहे:
फैजपूरला कुण्या पुढाऱ्याचा सत्कार,
बापाच्या कमरेला मोरपिसं, गालांवर चुना.
जंगली दिस, म्हणाले, डोळे फिरव.
त्यानं मांडवाच्या मधोमध पिसं सोडली,
नीट जुळवली, पुढाऱ्याच्या खुर्चीवर ठेवली
आणि ढोल खांद्यावर घेऊन
सावद्यापर्यंत चालत आला, चुन्यासकट.
त्या रात्री आमच्या ओट्यावर पहाटेपर्यंत वाजवत होता.
कुणी बोलावलं नव्हतं.

यातलं पोरानं किती पोचवलं, कोण जाणे.
तिनं विचारलं, त्या ढोलावर नाचता, त्याला काय म्हणता?
गोमा.
तिनं माझा ओला हात धरला.
ङ्गोमा, ती म्हणाली,
पुढं एक बारीक हुंकार लावून,
जो आमच्याकडून वाटेत
समुद्रातच पडला असावा.
गोमा. ङ्गोमा.
मी पालथ्या क्रेटवर बोटं टेकली. ती पलीकडून.
ठेका माझ्या हातात होता हे मलाच ठाऊक नव्हतं.
तुरटीच्या पाण्यावर वळ्या उठल्या,
बाया फण्या धरून तशाच उभ्या.

"हां, हां," फेगडेभाऊंनी मोबाइल काढला,
"आता दोघी उठा, जरासं नाचून दाखवा."

आमचं काही ठरलं नव्हतं.
चारही हात एकाच मात्रेवर थांबले.
नळाचं पाणी तेवढं हौदात पडत राहिलं,
ते भरून घेतलं त्यांनी मोबाइलमध्ये.

जाताना तिनं कोटाची बाही दाखवली.
चीक. आत्ता पाण्यासारखा,
उद्या काळा.
"जात नाही बाई हा," मी म्हटलं, "कितीबी घास."
पोरगा तोंड उघडायच्या आत
तिनं मान हलवली,
आणि बाही तशीच खाली सोडली.