फुंकरीची वही

सोमवारी उद्यमनगर बंद असतं,
म्हणून वह्या गोळा करायचा वारही सोमवारच.
निळ्या पुठ्ठ्याच्या, चाळीस पानी,
आत मीच आखलेले दोन रकाने:
सकाळची फुंकर, रात्रीची फुंकर.
नळी ओठांत घट्ट धरायची, तीनदा फुंकायचं,
काटा सगळ्यात लांब जाईल तो आकडा लिहायचा.
पहिल्याच दिवशी एकानं विचारलं होतं,
"ह्यात औषध कुठं हाय?"
मी म्हटलं, ह्यात नुसतं विचारणं आहे.

यासीन शिकलगार फौंड्रीत साचे भरतो.
आठवडाभर दोनशे ऐंशी, दोनशे सत्तर,
सोमवारी तीनशे साठ.
सुट्टी कुठल्या वारी ते त्याची छाती सांगते.
मालूताई चपला चिकटवतात, सोल्युशनच्या वासात.
त्यांची वही सून लिहिते.
एका रकान्यात आकडाच नाही, लिहिलंय:
"आज माहेरी. नळी विसरली. पण बरं वाटलं."
हे कुठल्या कोष्टकात बसवायचं कळत नाही.
मी तसंच ठेवलंय.

आणि सत्तावीस नंबर.
रावसो चौगुले, गुळव्या, वडणगे.
सकाळी साडेतीनशे. रात्री साडेतीनशे.
महिनाभर साडेतीनशे, एकाच शाईत,
एका बैठकीत उरकलेले.
हळदकर मॅडम चष्मा वर सारून म्हणाल्या,
"श्वास इतका शिस्तीत राहत नसतो. वगळ ही वही."

वगळण्याआधी मी गेले.
गुऱ्हाळावर तिसरं आदण चढलेलं.
जळव्या चुलवाणात चिपाड कोंबत होता,
भेंडीच्या रसानं मळी वर आली होती,
आणि रावसो वाफेत फक्त
खांद्यांपासून वर उरले होते.
"वही?" मी म्हटलं.
बोलले नाहीत. मागच्या भिंतीकडे बोट.

भिंतीवर कोळशानं उसाच्या गाड्यांचा हिशेब,
कुणाची उचल किती, कुणाचे रवे किती,
आणि पार बुडाला, वाकून वाचावं अशा अक्षरात:
पहिलं आदण, तीनशे वीस
दुसरं, दोनशे साठ
तिसरं, एकशे नव्वद.
बावीस दिवसांचं. एकही दिवस चुकलेला नाही.
आम्ही सकाळ आणि रात्र विचारली होती.
आदणागणिक विचारायचं
आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"वही पोरगी बघती,"
ते थांबले. श्वास आला, मग पुढचं वाक्य.
"नर्सिंगला हाय. आकडा कळतोय तिला.
एकशे नव्वद बघितलं तर मला हितं
हुबं ऱ्हाऊ द्यायची न्हाई."
नाही राहिलात तर बरंच की, मी म्हटलं.
"मग पाक कोण बघणार?"

त्यांनी पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला,
दोन बोटांत गोळी वळली,
भांड्याच्या काठावर टणकन वाजवली.
तोवर सगळे गप्प उभे होते, जळव्यासुद्धा.
"उतरा," ते म्हणाले.
चौघांनी काहील वाफ्यात ओतली
आणि माझ्या घशात काहीतरी खवखवू लागलं.

भिंतीचा फोटो धुरकट आला.
मग गाडीच्या चाकावर बसून
सहासष्ट आकडे हातानं उतरवून घेतले.
निघताना नळी पुढे केली.
फुंकले. काटा थोडा सरकला, थांबला.
"किती?"
मी खरं सांगितलं.
ते वाफ्यातल्या गुळाकडे बघत म्हणाले,
"पाक असता तर म्हणलो असतो, कच्चा हाय अजून."

मॅडम खूश आहेत. प्रत्येक वहीत आता
तिसरा रकाना आखायचाय.
सत्तावीस नंबर वगळलेला नाही.
फक्त त्याच्या पहिल्या पानावर,
अडीअडचणीला कुणाला कळवायचं, ह्या ओळीपुढे
पोरीचं नाव आणि फोन नंबर आहे,
माझ्याच अक्षरात.