हँडल कुठल्या बाजूला

म्हापशाच्या मासळी बाजारामागे इनासचं दुकान.
दुपारी तिथे फक्त मांजरं असतात
आणि वितळलेल्या बर्फाचा एक ओहोळ.
त्याने काउंटरवर रीळ ठेवलं, विचारलं,
"दावें काय उजवें?"
मी म्हटलं, साडेअठराशेचं.

त्याला बाजू हवी होती.

एकोणतीस वर्षं ब्लाउज शिवते मी.
कात्री उजव्यांची, मशीनचं चाक उजवीकडे.
कात्री डाव्या हातात धरली
की तिचं पातं खडूची रेघ झाकतं,
मग रेघ आठवून कापायची.
गिऱ्हाईक म्हणतं, फिटिंग छान आहे हं.

जेवायला बसले की आई
माझ्या डाव्या मनगटावर पळी ठेवायची.
मारायची नाही. नुसती ठेवायची.
गार पितळ.
अजून कधी आमटी वाढताना
तेवढीच जागा थंड पडते.

थोरल्या दोघींना उजवलं.
लग्नाला हाच शब्द आमच्या घरात.
मला बघायला कुडचड्याहून माणसं आली,
मी बशी पुढे केली, जो हात पुढे आला त्याने.
बशी घेतली त्यांनी. चहाही प्याले.
निरोप काही आला नाही.
कुणी मुद्दाम डावललं असं म्हणणार नाही मी,
शब्दच तसा आहे, आपोआप येतो.

इनास समजावत होता:
उजव्या हाताचा माणूस रॉड उजव्यात धरतो,
म्हणून त्याचं हँडल डावीकडे.
डावखुऱ्याचं उजवीकडे.
म्हणजे डावं रीळ उजव्यांचं,
उजवं रीळ डाव्यांचं.
मी म्हटलं, परत सांग.
त्याने सांगितलं. मी म्हटलं, अजून एकदा.
कळलं नव्हतं असं नाही.

"पण आमचा जुझे बघ," तो म्हणाला,
"गरी फेकतो उजव्याने, मग रॉड डाव्यात घेतो
आणि उजव्यानेच गुंडाळतो. सवय त्याची."
मग बरोबर कोण?
"ज्याच्या पिशवीत चोणक, तो."

मी रॉड हातात घेऊन बघितला.
एका हाताने फक्त फिरवायचं असतं.
मासा कळतो तो दुसऱ्याला.
कापड सुती की भेसळीचं,
मी डाव्या बोटांनी सांगते, डोळे मिटून.
उजवा माझा चाकावरचा नोकर,
सांगितलं तेवढं करतो,
त्याच्यावर राग नाही. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

"आणि मन बदललं तर?"
इनासने एका बाजूचं टोपण पिळून काढलं,
हँडल ओढलं,
पलीकडून घातलं, पिळलं.
अर्धं मिनिट. तेही बोलत बोलत.

मी काही वेळ रिळाकडे बघत राहिले.
दाराशी मांजर माशाचं डोकं ओढत होतं.
"उजवीकडे राहू दे," मी म्हटलं,
"हे असं, डाव्यांचं."

रविवारी शिवोलीचा जुना धक्का. भरती चढत होती.
जिवंत सुंगट लावलं, सोडलं.
शेजारी दोन पोरं मोबाइलवर काहीतरी ऐकत बसलेली.
तासाभराने दोरीत
टाका उसवावा तेवढी हालचाल झाली,
डाव्या तर्जनीला कळली,
आणि उजवा फिरवायला लागला, त्याच्या ओळखीचं चाक.

वीतभर तांबोशी. सोडून दिली.
पुन्हा बसले.

घाईत दुसऱ्या बाजूचं टोपण मात्र पाण्यात गेलं.
इनास ओरडेल, त्या भोकातून वाळू जाते आत.
तूर्त मी मेण लावून
तिथे एक गुंडी बसवली आहे,
निळी, कुणाच्या तरी शर्टाची उरलेली.