बदली

बांबोळीहून निघाली ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून,
पाय रिक्षाबाहेर, पायांवर माझी जुनी सुती साडी.
धक्क्यावर फेरीतल्या माणसांनी मुकाट्याने वाट दिली,
एका म्हाताऱ्याने टोपी काढली, कपाळाला क्रूस केला.
"रबराची आहे हो," मी म्हटलं.
तरी टोपी परत डोक्यावर गेली
ती दिवाडी आल्यावरच.

एकवीस वर्षं शिकवते मी.
गार खोली, पुसलेली फरशी,
ऑक्सिजन भिंतीतून येतो नळाच्या पाण्यासारखा.
माझ्या मुली पहिल्या वर्गात पास होतात
आणि बेटावर नेमणूक निघाली
की हजर झाल्याचा कागद आणि बदलीचा अर्ज
एकाच पाकिटातून आणतात.
मी त्यांनाच बोल लावत आले.
मग दर्शनी तारीने, इथल्याच पोरीने, भर तासाला विचारलं,
"मॅडम, शेवटची फेरी गेल्यावर काय करायचं?"
उद्या बघून सांगते म्हटलं.
रात्री पुस्तक उलटंपालटं केलं.
त्यात नदी नव्हती.

म्हणून आता वर्ग इथे, पंचायतीच्या सभागृहात,
कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून.
दर्शनी, क्लोदिन्हा, पोस्टमनची सून,
आणि मागच्या बाकावर इनासियो पोदेर.
त्याला कशाला, असं वाटलं होतं मला.
पण पहाटे कुठल्या दारात पाव घ्यायला कोणी आलं नाही
हे दवाखान्याच्या आधी त्याच्या सायकलला कळतं.

टॉर्च दातांत धरून सलाईन लावायचं, हे मी शिकवलं.
ओहोटीला होडी कुठे रुतते,
बाळंतीण घेऊन मानशीकडून का जायचं नाही,
हे दर्शनीच्या बाबांनी सांगितलं;
मी वहीत उतरवून घेतलं, आकृतीसकट.

शेवटची परीक्षा फेरीवर.
मध्ये दोन स्कूटर, एक टेम्पो, कलिंगडं,
लोखंडी पत्र्यावर माझी रबरी बाई,
आणि तिच्या छातीवर दर्शनीचे तळवे.
काठ ते काठ सात मिनिटं.
इंजिन थरथरत होतं, हात घसरत होते,
पाचव्या मिनिटाला तिचा श्वास तुटला
आणि टेम्पोवाला न सांगता गुडघे टेकून बसला:
"सरक, बाय. मोज तू."
तो कुठल्या यादीत नव्हता.
मी गुण दोघांनाही दिले.

दर्शनीच्या पर्समध्ये कुवेतचा फॉर्म आहे.
तिनेच दाखवला, चहाच्या वेळी.
मी भरू नकोस म्हटलं नाही;
पगार काय आहे ते विचारलं,
आणि गप्प बसले.

निघताना क्लोदिन्हा म्हणाली,
"हिला इथेच ठेवून जा, मॅडम. हात विसरतात."
सही कोण करणार, साठ्याच्या वहीत काय लिहू,
चाळीस हजारांची वस्तू...
बोलता बोलता पाहिलं तर
इनासियोने तिच्यासाठी कपाट रिकामं केलं होतं
आणि कोणीतरी तिला झग्यात घातलं होतं,
फुलाफुलांच्या, रविवारच्या.

परतीच्या फेरीत तोच म्हातारा.
माझ्या रिकाम्या मांडीकडे बघत
हळूच म्हणाला, "गेली?"

"नाही," मी म्हटलं. "बदली झाली. दिवाडीला."

तो विचारात पडला.
मग टोपी काढली त्याने पुन्हा,
या वेळी वारा घ्यायला.