तारा

मालाडला, चौथ्या मजल्यावर, रात्रपाळीत
मी त्याच्या पाठीवरच्या तारा पुसते,
एकेक फ्रेम. सेकंदाला चोवीस.
पहिल्या भागात तो नीट उडाला होता.
तिसऱ्यापासून केप ओल्या टॉवेलसारखी
आणि दोन तासांची गोष्ट आठ भागांत,
कालच्या आमटीत पाणी ओतत जावं तशी.
‘चालतंय गं, लोक फोनवरच बघतात,’
कुरियन म्हणाला, पुढचा शॉट पाठवला.

सहाव्या भागात पैसे संपले असावेत.
तो उडतच नाही. ओट्याशी उभा राहून
एक कप विसळतो, बराच वेळ,
बाहेर कुणी हाका मारतंय तरी.
मला पुसायला काहीच नव्हतं,
फाइल चुकून आलेली.
माउस सोडून बघत राहिले.
याला उडता येत असेल,
पहिल्यांदाच वाटलं.