बाद मतं

सित्र्याच्या गोदामात, जिथं आधी फ्रीज ठेवायचे,
तिथं आमचा स्टुडिओ होता.
पुठ्ठ्याचा महाल, थर्माकोलचे खांब,
आणि एसी एवढा कडक
की तबला दर गाण्याला आपोआप चढायचा.

‘संगीत लवणलेखा’ला नायिका हवी होती.
अठरा मुली, बारा आठवडे,
एका मताला शंभर फिल्स.
नाटक आधी पुण्यात, मग लंडनला, असं निर्माते सांगायचे.
आमचा दोन महिन्यांचा पगारही ते असाच सांगायचे.

मी मतं मोजायचो.
म्हणजे मोजायचं यंत्र,
मी त्याच्या शेजारी करक चहा घेऊन बसायचो.

तहसीन मुकादम, क्रमांक चार.
मूळची हर्णैची. दिवसभर मनामाच्या इस्पितळात एक्स-रे काढायची,
मग बस, मग बसमध्येच डबा,
मग आमचं गोदाम.
परीक्षकांनी विचारलं, तुझं मराठी इतकं स्वच्छ कसं?
ती म्हणाली, स्वच्छ नाही हो, घरचं आहे.
टाळ्यांचा दिवा लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.
परीक्षक पाणी प्यायले.

अंतिम फेरीत विरहाचं पद होतं.
लवणलेखा खाजणाच्या काठी उभी, गलबत दिसेनासं झालेलं.
बाकीच्या मुली तिथं वरचा सूर धरून ठेवायच्या,
हिनं तो सोडला,
खुंटावरचा दोर सोडावा तसा,
आणि सूर आपला आपण लांब गेला.
कॅमेरावाला मल्याळी. त्यानं फोकस सोडून
माझ्याकडे पाहिलं.

नियम सोपा होता:
‘लेखा’ लिहा, जागा सोडा, आकडा टाका.
बाकी सगळं बाद.

बादच्या रकान्यात त्या रात्री दोनशे बारा.
टगवरून, लाँचवरून, सुक्या गोदीतून,
रोमन अक्षरांत लिहिलेली आमची किनारपट्टी:

आमच्या बंदराची पोर हाय, हिलाच करा.

तहसीनला माझा एक, भावाचा एक, नासिर खलाशाचा एक, असे तीन धरा.

बाय, बरी गायलीस. पण दम जपून वापर.

रेंज नव्हती, आता आली. उशीर झाला का?

एकानं नुसतं लिहिलं होतं: आये गो.

ती एकशे नव्वद मतांनी हरली.
ऋजुता सबनीस जिंकली, आणि चांगली गायली होती,
हेही इथं लिहून ठेवतो.
तहसीननं तिला मिठी मारली, कागदी फुलं उडाली,
काही फुलं झाडूवाल्या बंगाल्याच्या केसांत दुसऱ्या दिवशीही होती.

मी साहेबाला यादी दाखवली.
तो म्हणाला, नियम वाच. वाक्य म्हणजे मत नव्हे.

वाक्य म्हणजे मत नव्हे.
बसमध्ये, रांगेत, दाढी करताना
मी हे घोळवत राहिलो,
आणि कुठं चुकलंय ते सापडेना.

नाटकाचे पुण्यात नऊ प्रयोग झाले.
लंडन राहिलंच.
गोदामात पुन्हा फ्रीज आले.

फेब्रुवारीत मला खोकला झाला, महिना झाला तरी हटेना.
डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला पाठवलं.
आत ती होती. शिशाचा जड अंगरखा, केस बांधलेले.
तिनं मला ओळखलं नाही, ओळखणार कशी,
मी नेहमी काचेच्या मागे.
शर्ट खुंटीला अडकवा, ती म्हणाली.
खिशात यादी होती, घड्या पडून पडून मऊ झालेली.
देऊ या, असं सकाळी ठरवलं होतं.
तेव्हा ठाऊक नव्हतं की बनियनवर उभा असेन,
हनुवटी गार पत्र्याला टेकवून.

श्वास घ्या, ती म्हणाली काचेमागून.
धरून ठेवा.

काय आवाज होता.

धरून ठेवा, अजून,
हलू नका…

सोडा.

मी खोकलो.
परत काढावा लागेल, ती म्हणाली, आणि हसली,
आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत
स्वतःशीच काहीतरी गुणगुणत राहिली,
लवणलेखेचं नव्हे.