मन्याग इर्री

रिक्षावरचा कर्णा सकाळपासून ओरडतोय:
मन्याग इर्री, मन्याग इर्री!
मी कागलची, लग्नाला पाच महिने.
मला वाटलं, मनात राहा म्हणतोय.
निंगव्वा भिंतीपलीकडून हसली,
मनी म्हंजे घर गं.

कोगनोळीचा नाका कालपासून बंद.
आईनं धाडलेला लोणच्याचा डबा पलीकडंच.

ह्यांनी ज्वारी आणली, काड्यापेट्यांचा पुडा,
संकेश्वरी मिरची तीन किलो.
तापाच्या गोळ्या मात्र चारच मिळाल्या निपाणीत.
सासूबाईंनी त्या मिठाच्या बरणीमागं लपवल्या.
कुणापासून, ते विचारलं नाही.

रात्री निंगव्वा खोकली.
आमच्या घरात सगळ्यांचा घास थांबला.
मी खिडकी लावली,
थोड्या वेळानं उघडली,
एक गोळी कागदात गुंडाळून
भिंतीवर ठेवली, वर खडा.

सकाळी सासूबाई मोजतील.
मोजू देत.