बर्फाचा काठ

मी तिला कधी पाहिलं नाही.
ती पार दक्षिणेला, व्होरूत,
मी ह्या हीउमा बेटावर.
मध्ये अर्धा एस्टोनिया, आणि समुद्राचा एक तुकडा
जो हिवाळ्यात गोठतो. म्हणजे गोठायचा.

सहा वर्षं झाली. रोज रात्री नऊला
टॅब्लेट चहाच्या किटलीला टेकवून बसतो.
सात अक्षरं मला, सात तिला.
शब्द लावायचा, गुण मोजायचे, झोपायचं.
बाकी बोलणं बेताचंच:
"आज उणे अठरा." "मांजर व्यालं."
एकदा, "नवऱ्याला जाऊन आज वर्ष झालं,"
आणि लगेच बत्तीस गुणांचा शब्द.

नाव हिलिया. आमच्या भाषेत अर्थ 'उशिरा'.
पण तिची चाल माझा चहा निवायच्या आत यायची.
चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती,
सहाशे नंबर तोंडपाठ,
आणि कोण कुणाला कशासाठी फोन करतं, तेही.

पहिल्याच हिवाळ्यात मी पटावर 'बर्फ' लावला.
तिनं त्याला 'काठ' जोडला.
बर्फाचा काठ: आमच्याकडे तो लिहिताना
एकच स्वर ओळीनं चार वेळा येतो,
बोबडी वळल्यासारखा.
मी तीस वर्षं बर्फावरच्या रस्त्याचा माणूस,
भोक पाडून पट्टी आत सोडणारा,
बावीस सेंटिमीटर भरले तरच गाड्या सोडणारा,
सीटबेल्ट काढा, सावकाश चला, थांबू नका,
आणि तो शब्द मला सुचला नव्हता.

बर्फ काही सांगून फुटत नाही,
पण आधी आवाज बदलतो.
चाकाखाली जरा खोल, जरा ओला.
तो कान तयार व्हायला मला पाच हिवाळे लागले.

ऑक्टोबरपासून तिची चाल दहाला येऊ लागली.
मग अकराला. मग सकाळी.
शब्द आखडले: घर. मीठ. तो.
एका रात्री लिहिलं, "मांजर व्यालं."
ते मांजर दोन वर्षांपूर्वी मेलं,
तिनंच कळवलं होतं.
मी "किती पिल्लं?" एवढंच विचारलं.
"चार," ती म्हणाली. खुशीत असावी.

मी जुनी वही काढली, बर्फाची जाडी लिहायचो ती,
आणि तिची मिनिटं मांडत गेलो.
कळवणार कुणाला?
माझ्याकडे तिचा पत्तासुद्धा नाही.
इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पडदा बरा, डोकं चालतं राहतं.
भाचा म्हणतो, पडद्यानंच माणसांची डोकी पोखरली.
दोघांनीही तिचे शब्द वाचलेले नाहीत.

आणि फेब्रुवारीत एकदा
चार मिनिटांत आठ अक्षरं, एकाहत्तर गुण.
माझ्या पोटात गोळा आला.
आवाज तिचा नव्हता.
लिहिलं, "कोण आहे?"
तीन ठिपके बराच वेळ नाचले.

"मी काइसा, तिची नात. आजी शेजारीच आहे.
अक्षरं ती निवडते, मी ढकलते.
आज मीच खेळले, माफ करा.
नऊ वाजले की टॅब्लेट मागते.
तुमचं नाव राहत नाही तिच्या लक्षात,
बर्फवाला आला का, असं विचारते."

मी लिहिलं, तिलाच लावू दे.
लागू दे किती लागायचा तो वेळ.

काल नव्या डावाला मी 'बर्फ' लावला.
मुद्दाम. तिला काठ जोडता यावा म्हणून.
मग वही उघडली, तर
परवाच्या ओळीत 'बर्फ',
त्याच्या आधल्या रात्रीही 'बर्फ',
माझ्याच अक्षरात, कंसात: मुद्दाम.

वहीत माझ्या मिनिटांना रकाना नाही.
ती कुणी मांडतं का, तिकडे व्होरूत?

किटली गार.
खिडकीबाहेर समुद्र उघडा, काळा, यंदाही गोठला नाही.
पडद्यावर तेवढं लिहिलंय:
चाल हिलियाची.